फेज नॉइज मोजताना पडद्यावर दिसतं ते नेमकं कोणाचं?

ऑसिलेटर म्हणजे ठरावीक वारंवारतेची लहर तयार करणारं सर्किट. १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर म्हणजे सेकंदाला एक कोटी आवर्तनं. कागदावर प्रत्येक आवर्तन बरोबर १०० नॅनोसेकंदांचं असतं. प्रत्यक्षात एखादं किंचित आधी संपतं, पुढचं किंचित उशिरा. फ्रिक्वेन्सी काउंटर लावला तर तो १० मेगाहर्ट्झच दाखवतो आणि त्यात चूकही नसते, कारण काउंटर सरासरी सांगतो आणि ही पुढे-मागे होणारी चाल सरासरीत विरून जाते. लहर आपल्या आदर्श जागेपासून सतत, कुठल्याही ठरावीक नियमाशिवाय, थोडी इकडे-तिकडे ढळत असते. आवर्तनातल्या लहरीच्या जागेला फेज म्हणतात, आणि या ढळण्याला फेज नॉइज.

इतक्या बारीक ढळण्याने काय बिघडतं? १० गिगाहर्ट्झच्या डॉप्लर रडारचं उदाहरण घेऊ. तिथे तरंगलांबी ३ सेंटिमीटर असते. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जवळ येणाऱ्या वाहनावरून परत आलेल्या लहरीची वारंवारता फक्त १ किलोहर्ट्झने वाढलेली असते. त्याच वेळी मागच्या डोंगरावरून आणि जमिनीवरूनही लहर परत येत असते, आणि ती वाहनाच्या प्रतिध्वनीपेक्षा लाखो पटींनी जोरकस असू शकते. डोंगर हलत नाही, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी मूळ वारंवारतेवरच बसायला हवा. पण रडारच्या ऑसिलेटरला मूळ वारंवारतेपासून १ किलोहर्ट्झवर नॉइज असेल, तर डोंगराच्या प्रतिध्वनीसोबत तोही परत येतो आणि वाहनाचा क्षीण संकेत त्यात बुडतो. रिसीव्हरची शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोन्ही संकेत सारखेच वाढतात.

रेडिओ रिसीव्हरमध्ये शेजारचं जोरदार स्टेशन लोकल ऑसिलेटरच्या (रिसीव्हरमधल्याच ऑसिलेटरच्या) नॉइजशी मिसळून आपल्या चॅनेलमध्ये घुसतं, तेही याच कारणाने. शिवाय कमी वारंवारतेच्या घड्याळावरून जास्त वारंवारता तयार केली की फेज नॉइजही वाढतो. १० मेगाहर्ट्झला हजाराने गुणून १० गिगाहर्ट्झ केलं, तर गुणण्याचं सर्किट कितीही निर्दोष असलं तरी नॉइज ६० डेसिबलने वर येतो (दर १० डेसिबलला पॉवर दहापट, म्हणजे इथे दहा लाखपट). मुळाशी उणे १६० डेसिबल असलेला आकडा वर उणे १०० होतो.

आकडा कसा वाचायचा

आदर्श सिग्नल स्पेक्ट्रमवर, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती पॉवर आहे याच्या चित्रात, एका उभ्या रेषेसारखा दिसला असता. खऱ्या सिग्नलच्या रेषेला दोन्ही बाजूंनी उतरत जाणारा पसारा असतो. मधल्या रेषेला कॅरिअर म्हणतात. त्यापासून ठरावीक अंतरावर, समजा १० किलोहर्ट्झवर, जायचं, तिथला फक्त १ हर्ट्झ रुंदीचा काप घ्यायचा, त्यातली पॉवर पाहायची आणि ती कॅरिअरच्या पॉवरशी ताडून डेसिबलमध्ये लिहायची. एकक होतं डीबीसी प्रति हर्ट्झ, आणि कॅरिअरपासूनच्या अंतराला ऑफसेट म्हणतात. असे आकडे डावीकडून उजवीकडे वाढत्या ऑफसेटवर मांडले की फेज नॉइजचा आलेख तयार होतो. उणे १०० म्हणजे कॅरिअरच्या एक हजार कोटीव्या भागाएवढी पॉवर. चांगल्या क्वार्ट्झ ऑसिलेटरचा दूरच्या ऑफसेटवरचा नॉइज उणे १७० च्या आसपास जातो, म्हणजे एकावर सतरा शून्यं इतक्या पटींनी लहान.

आयईईई या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेच्या ११३९ क्रमांकाच्या मानकात आज हीच व्याख्या वेगळ्या शब्दांत आहे. तिथे पॉवरचं गुणोत्तर न घेता, फेजमधल्या चढ-उताराच्या स्पेक्ट्रमचा निम्मा भाग घेतात. ढळणं लहान असेल तोवर दोन्ही व्याख्यांचं उत्तर एकच येतं. कॅरिअरच्या अगदी जवळ ढळणं मोठं होतं आणि तिथे आकडा शून्याच्याही वर जाऊ शकतो. गुणोत्तर म्हणून त्याला अर्थ उरत नाही, पण फेजचा चढ-उतार म्हणून तो बरोबर असतो. आलेखाच्या डाव्या टोकाला असा आकडा दिसला तर उपकरण बिघडलं असं समजू नये.

या आलेखाचा उतारही बोलका असतो. उजवीकडची सपाट रेषा उष्णतेमुळे होणाऱ्या नॉइजची. डावीकडे येताना रेषा चढू लागते, आणि चढ ऑफसेटच्या दर दहापटीला १०, २० की ३० डेसिबलचा आहे यावरून नॉइज कुठून येतोय याचा अंदाज बांधता येतो. हे गणित डेव्हिड लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलं. ऑसिलेटरच्या वळशात फेरी मारून आलेली लहर बरोबर जागच्या जागी जुळावी लागते. अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉइजने फेज जरा ढळली की ती जुळवून घेण्यासाठी ऑसिलेटर आपली वारंवारताच सरकवतो. रेझोनेटर, म्हणजे वारंवारता ठरवणारा क्वार्ट्झसारखा भाग, जितका तीक्ष्ण, तितकं हे सरकणं कमी. क्वार्ट्झला इतकं मोल का, याचं उत्तर या एका निरीक्षणात आहे. लीसन यांचा लेख ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द आयईईई’च्या फेब्रुवारीच्या अंकात आला, आणि त्याच अंकात डेव्हिड अ‍ॅलन यांचा अणुघड्याळांच्या स्थैर्याच्या संख्याशास्त्रावरचा लेखही होता. या विषयाचे दोन खांब एकाच अंकात उभे राहिले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सरळ मार्ग, आणि तो जिथे अडतो

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर, म्हणजे सिग्नलचा स्पेक्ट्रम पडद्यावर दाखवणारं उपकरण, लावून थेट बघणं. समजा कॅरिअर अधिक १० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) आहे आणि १० किलोहर्ट्झ ऑफसेटवर मार्कर उणे ७० डीबीएम दाखवतोय. फरक उणे ८० झाला. अ‍ॅनलायझरमधल्या फिल्टरची रुंदी १ किलोहर्ट्झ ठेवली असेल, तर मार्करला १ हर्ट्झऐवजी १००० हर्ट्झमधला नॉइज एकत्र दिसतोय, म्हणून आणखी ३० डेसिबल वजा करायचे. उत्तर उणे ११० डीबीसी प्रति हर्ट्झ. त्यात दोन लहान दुरुस्त्या येतात. फिल्टरची नॉइजसाठीची खरी रुंदी त्याच्या सांगितलेल्या रुंदीपेक्षा जरा वेगळी असते, आणि डेसिबलमध्ये सरासरी काढली तर नॉइज सुमारे २.५ डेसिबल कमी दिसतो. आजचे अ‍ॅनलायझर नॉइज मार्कर लावल्यावर हा हिशेब स्वतःच करतात.

खरी अडचण दुसरीकडे आहे. अ‍ॅनलायझर आलेला सिग्नल स्वतःच्या लोकल ऑसिलेटरशी मिसळून खाली आणतो. त्या ऑसिलेटरलाही फेज नॉइज आहेच, आणि मिसळताना तो सिग्नलवर उमटतो. पडद्यावरचा पसारा त्यामुळे दोघांच्या नॉइजची बेरीज असतो. दोघं सारखेच असतील तर आकडा ३ डेसिबलने वाईट येतो. सिग्नल अ‍ॅनलायझरपेक्षा १० डेसिबलने जास्त नॉइजचा असेल तर चूक फक्त ०.४ डेसिबलची, म्हणजे काळजी नाही. आणि सिग्नल अ‍ॅनलायझरपेक्षा स्वच्छ असेल, तर पडद्यावर जो सुबक आलेख दिसतो तो अ‍ॅनलायझरचाच असतो. तो दिसायला इतका विश्वासार्ह असतो की शंका येत नाही, आणि म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. पुढच्या सगळ्या पद्धती या एकाच प्रश्नाशी झगडतात: दिसणारा नॉइज सिग्नलचा की उपकरणाचा?

थेट पद्धतीला आणखी मर्यादा आहेत. लहरीची उंची कमी-जास्त होणं आणि तिची फेज ढळणं, यांचा पसारा पडद्यावर सारखाच दिसतो. वारंवारता हळूहळू सरकणारा ऑसिलेटर असेल तर कॅरिअरच्या जवळचं मोजमापच होत नाही. आणि अ‍ॅनलायझरला जबरदस्त कॅरिअर आणि अतिसूक्ष्म नॉइज हे दोन्ही एकाच वेळी हाताळावं लागतं. हत्तीला काट्यावर उभं करून त्याच्या पाठीवरच्या मुंगीचं वजन काढण्यासारखं हे काम आहे, आणि उणे १७० चं प्रमाण हत्ती-मुंगीपेक्षाही कितीतरी विषम आहे. हत्तीला काट्यावरून उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

कॅरिअर काढून टाकायचा

यासाठी दोन सिग्नल लागतात: ज्याची चाचणी घ्यायची तो, आणि त्याच वारंवारतेचा एक संदर्भ. दोन्ही एका मिक्सरमध्ये सोडायचे. मिक्सर दोघांचा गुणाकार करतो. त्यातून दुप्पट वारंवारतेची लहर निघते, ती फिल्टरने अडवायची. उरतो एक व्होल्टेज, जो दोघांमधल्या फेजच्या फरकावर अवलंबून असतो. फरक शून्य असेल तर व्होल्टेज सर्वांत जास्त असतो, पण तिथे वक्राचा माथा सपाट असल्याने फेज जराशी हलली तरी व्होल्टेज बदलत नाही. फरक ९० अंश ठेवला तर व्होल्टेज शून्य होतो आणि वक्र तिथेच सर्वांत तिरपा असतो. म्हणजे कॅरिअर नाहीसा झाला, आणि फेजमधली बारीकशी हालचालही शून्याच्या वर-खाली होणारा व्होल्टेज बनून हाती आली. हा व्होल्टेज मायक्रोव्होल्टांत किंवा त्याहूनही लहान असतो, पण आता त्याला बेधडक हजारपट वाढवता येतं, कारण अ‍ॅम्प्लिफायरला बुडवणारं मोठं काही शिल्लक नाही. शिवाय ९० अंशांवर मिक्सर उंचीतल्या चढ-उताराकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष करतो, त्यामुळे तोही गोंधळ कमी होतो. वाढवलेल्या व्होल्टेजचा एफएफटी या गणिती रीतीने स्पेक्ट्रम काढला की फेज नॉइज समोर.

व्होल्टेजवरून फेज काढायला मापक हवा. तो मिळवण्याची रीत सुंदर आहे. संदर्भाची वारंवारता मुद्दाम थोडी सरकवायची. मिक्सरमधून मग दोघांच्या फरकाएवढ्या वारंवारतेची संथ लहर निघते. ती साइन आकाराची असेल तर शून्य ओलांडतानाचा तिचा उतार, व्होल्ट प्रति रेडियनमध्ये, तिच्या शिखराच्या उंचीएवढाच असतो. शिखर ०.३ व्होल्टचं असेल तर एक मायक्रोरेडियन हालचालीला ०.३ मायक्रोव्होल्ट मिळणार. बस्स, मापक तयार.

पण दोन स्वतंत्र ऑसिलेटर ९० अंशांवर आपणहून टिकून राहत नाहीत. म्हणून मिक्सरचाच व्होल्टेज वापरून संदर्भाला हळुवार खेचून धरणारा फेज लॉक लूप लावतात. इथे पहिला सापळा आहे. लूप ज्या वेगापर्यंतचे बदल पकडू शकतो त्या बँडविड्थच्या आत, म्हणजे कॅरिअरच्या जवळ, संदर्भ चाचणीच्या सिग्नलचा पाठलाग करतो आणि नॉइज दाबला जातो. आलेख खोटा-खोटा चांगला दिसतो. लूप किती दाबतोय हे मोजून तेवढं परत वाढवावं लागतं. दुसरा सापळा असा, की जवळच्या वारंवारतेचे दोन ऑसिलेटर केबलमधूनच एकमेकांना ओढू लागतात आणि लूपशिवायच जुळून जातात. मध्ये अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) किंवा बफर अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा) ठेवून ही चोरवाट बंद करतात.

इतकं करूनही संदर्भाचा नॉइज बेरजेत आहेच. संदर्भ खूप स्वच्छ असेल तर ठीक. दोन अगदी सारखे ऑसिलेटर समोरासमोर लावले तर ३ डेसिबल वजा करतात, पण ते खरंच सारखे आहेत हे कुणी तपासलं? तीन ऑसिलेटर असतील तर दोन-दोनच्या तीन जोड्या मोजून तीन समीकरणं मांडता येतात आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येतो. केवळ अ‍ॅम्प्लिफायर किंवा फिल्टर तपासायचा असेल तर काम हलकं होतं. एकच सिग्नल दोन वाटांनी मिक्सरमध्ये पाठवायचा आणि एका वाटेत तो भाग ठेवायचा. दोन्ही वाटांना लागणारा वेळ जवळपास सारखा असला की मूळ सिग्नलचा नॉइज दोन्हीकडे सारखा येऊन बाद होतो.

संदर्भच नको असेल तर सिग्नलची तुलना त्याच्याच जुन्या रूपाशी करता येते: अर्धा भाग लांब केबलमधून उशिरा आणायचा आणि उरलेल्या अर्ध्याशी मिक्सरमध्ये भिडवायचा. १ किलोमीटर ऑप्टिकल फायबर सुमारे ५ मायक्रोसेकंद उशीर देतं. उशीर इतका कमी असताना संथ चढ-उतार दोन्ही वाटांवर जवळपास सारखेच दिसतात, म्हणून कॅरिअरच्या जवळ ही पद्धत दुबळी पडते. २०० किलोहर्ट्झवर, जिथे उशीर बरोबर एका आवर्तनाएवढा होतो, ती पूर्ण आंधळी होते. वारंवारता सतत सरकणाऱ्या ऑसिलेटरांसाठी मात्र ती फार सोयीची आहे.

दोन साक्षीदार

आधुनिक उपकरणांची खरी ताकद क्रॉस-कोरिलेशनमध्ये आहे. चाचणीचा सिग्नल दोन भागांत वाटायचा आणि प्रत्येक भागासाठी पूर्ण स्वतंत्र व्यवस्था ठेवायची: वेगळा संदर्भ, वेगळा मिक्सर, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. चाचणीच्या सिग्नलचा नॉइज दोन्ही वाटांवर सारखाच येतो. पहिल्या वाटेचा स्वतःचा नॉइज आणि दुसरीचा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दोन्हींच्या स्पेक्ट्रमचा गुणाकार करून पुन्हा पुन्हा सरासरी काढत गेलं, की सामाईक भाग टिकतो आणि बिनसंबंधी भाग कधी इकडे, कधी तिकडे पडून क्षीण होत जातो. उपकरण स्वतःच्या संदर्भापेक्षा स्वच्छ सिग्नल मोजू शकतं ते यामुळे.

किंमत वेळेत मोजावी लागते. १०० वेळा सरासरी घेतली तर उपकरणाचा नॉइज १० डेसिबलने खाली जातो, २० डेसिबल हवे असतील तर १०,००० वेळा. प्रत्येक १० डेसिबलला शंभरपट वेळ. १ मेगाहर्ट्झ ऑफसेटवर एक फेरी क्षणार्धात होते, म्हणून आलेखाची उजवी बाजू लवकर गुळगुळीत होते. १ हर्ट्झवर एकेका फेरीला काही सेकंद लागतात, आणि १०,००० फेऱ्या म्हणजे कित्येक तास. आलेखाचं डावं टोक दातेरी दिसत असेल तर तिथे अजून काम बाकी आहे. काही उपकरणं आलेखाखाली राखाडी पट्टा दाखवतात: इथवर माझा स्वतःचा नॉइज दाबून झाला आहे, असं तो पट्टा सांगतो. आलेख त्या पट्ट्यावर टेकलेला असेल तर आकडा सिग्नलचा मानू नये.

दोन साक्षीदारही चुकू शकतात, आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. सिग्नल वाटणाऱ्या स्प्लिटरमध्ये रोध असतो, आणि त्याचा उष्णतेचा नॉइज दोन्ही वाटांवर उलट-सुलट चिन्हांनी जातो. म्हणजे तोही सामाईकच, पण उणे. कोरिलेशन त्याला वजाबाकी म्हणून मोजतं. सिग्नलचा स्वतःचा सपाट नॉइजही उष्णतेच्या पातळीजवळ असेल तर दोन्ही एकमेकांना खातात आणि आलेखात अचानक खोल खड्डा पडतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेतले क्रेग नेल्सन, अर्चिता हाती आणि डेव्हिड होव यांनी २०१४ मध्ये या कोसळण्यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. एरवी भीती बेरजेतल्या, म्हणजे आकडा वाईट दाखवणाऱ्या चुकीची असते. इथे चूक आकडा जास्त चांगला दाखवत होती.

एक पडताळा सोपा आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेचा नॉइज उणे १७४ डीबीएम प्रति हर्ट्झ असतो. त्यातला निम्मा फेजमध्ये जातो, निम्मा उंचीत. म्हणून ० डीबीएम कॅरिअरसाठी साधारण तळ उणे १७७ डीबीसी प्रति हर्ट्झ. कॅरिअर १० डेसिबलने वाढवला तर तळ तितकाच खाली. आलेख याच्याही खाली उतरला तर आनंद मानण्याआधी स्प्लिटरकडे पाहावं.

आज मिक्सर आणि लूपची बरीच कामं संगणन करतं. सिग्नल आणि संदर्भ दोन्ही अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरने थेट आकड्यांत बदलायचे, आणि फेज गणितानेच काढायची. ९० अंश टिकवायची कसरत नाही, दोघांची वारंवारता सारखी असायची अट नाही, उंचीचा नॉइजही त्याच वेळी वेगळा मिळतो. कन्व्हर्टरचा स्वतःचा नॉइज घालवायला मात्र पुन्हा दोन वाटा आणि कोरिलेशन लागतंच.

टेबलावरच्या गोष्टी

आलेखात उभे काटे दिसतात त्यांना स्पर म्हणतात. ते एकाच वारंवारतेवर असतात, त्यामुळे त्यांची पातळी डीबीसीमध्ये वाचायची, प्रति हर्ट्झ नाही. ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्यांच्या पटींवर काटे असतील तर वीजपुरवठा किंवा ग्राउंड लूप तपासावा. बॅटरीवर चालवून पाहिलं तर लगेच उलगडतं.

कंपनांचं प्रकरण याहून चिवट. क्वार्ट्झवर एक जी (गुरुत्वाकर्षणाएवढं) त्वरण आलं तर त्याची वारंवारता साधारण एक अब्जांश भागाने सरकते. हे नगण्य वाटतं. पण १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर घ्या आणि शेजारच्या पंख्याने १०० हर्ट्झवर फक्त ०.०१ जी कंपन दिलं असं माना. गणित केलं तर १०० हर्ट्झ ऑफसेटवर उणे १०६ डीबीसीचा काटा उभा राहतो. चांगल्या १०० मेगाहर्ट्झ ऑसिलेटरचा तिथला नॉइज उणे १३० किंवा त्याहून खाली असतो. म्हणून संवेदनशील मोजमापात ऑसिलेटर फोमवर ठेवतात, पंखे बंद करतात, केबल हलणार नाही अशी बांधतात आणि क्वार्ट्झ तापून स्थिरावेपर्यंत थांबतात.

शेवटी आलेला आलेख पारखण्याची एक साधी रीत आहे. कोरिलेशनच्या फेऱ्या दहापट करायच्या. आलेख आणखी खाली सरकला, तर आधी दिसत होता त्यात उपकरणाचा वाटा होता. जागेवरच राहिला तर संदर्भ बदलून, स्प्लिटर बदलून आणि सिग्नलची पॉवर थोडी कमी-जास्त करून पुन्हा मोजायचं. पॉवर ३ डेसिबलने कमी केल्यावर सपाट भाग बरोबर ३ डेसिबलने वर आला, तर तो तळ मोजमापाच्या साखळीचा आहे, ऑसिलेटरचा नाही.